साठ अक्षरांत मावणारं जग

एक अख्खं जग साठ अक्षरांत पाठवता येईल का? त्यात डोंगर असतील, नद्या असतील, सात किल्ले आणि त्यांत दडलेले राक्षस असतील, आणि कुठल्या झाडाखाली काय पुरलंय तेही असेल.

मी अकरा वर्षांची असताना हे कोडं माझ्यासमोर आलं. आता त्याला सदुसष्ट वर्षं झाली, पण त्या दिवसांतलं मी काहीच विसरलेले नाही.

आम्ही दुष्काळी माणदेशात, आटपाडीला राहायचो. शेजारी नौशादचं घर. नौशाद आणि मी एकाच वर्गात होतो आणि रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर एकच टॅब मांडीवर घेऊन ‘नवखंड’ खेळायचो. या खेळात तुम्ही एका वीराचं रूप घ्यायचं, अनोळखी प्रदेशात शिरायचं, राक्षसांशी लढायचं आणि एकेक किल्ला जिंकत जायचं. गंमत अशी की खेळ नव्याने सुरू केला की दर वेळी नवं जग समोर यायचं. मागचा डोंगर पुन्हा कधी दिसायचा नाही. नौशाद वीराचं नाव आणि शस्त्र निवडायचा. बाकीची मांडामांड माझ्याकडे.

“सुगे, तू तलवार धरतेस की लाटणं?” तो विचारायचा.

“लाटण्यानेच तुझा जीव वाचवला काल,” मी म्हणायचे.

एका जगात आम्ही पाच महिने होतो. त्यातली वाट न् वाट आम्हाला पाठ होती. नदीवर आम्ही ओंडक्यांचा पूल बांधला होता. सातव्या किल्ल्याच्या पोटात एक दार सापडलं, त्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचं राहिलं आणि नेमकं तेव्हाच नौशादच्या आईला, शमीमकाकूंना, चंद्रावर नेमणूक मिळाली. दोन वर्षांसाठी.

“मी येईपर्यंत ते दार उघडायचं नाही,” नौशाद जाताना म्हणाला.

“दोन वर्षं?”

“शपथ घे.”

मी घेतली.

शमीमकाकू रेडिओ दुर्बिणीवर काम करायच्या. या दुर्बिणीतून डोळ्यांनी बघायचं नसतं. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या अतिशय मंद रेडिओ लहरी ती ऐकते. पृथ्वीवर आपल्या फोनचा आणि उपग्रहांचा इतका गलका असतो की ते मंद आवाज त्यात बुडून जातात. म्हणून दुर्बीण चंद्राच्या पलीकडच्या बाजूला (जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही) उभारली होती. तिथे शांतता पाळावी लागे. घरच्यांशी बोलायला आठवड्यातून एकच निरोप, तोही साठ अक्षरांचा. रिकाम्या जागा आणि विरामचिन्हं मोजत नसत, एवढीच सवलत. उत्तरही तेवढंच.

ती साठ अक्षरं नौशादच्या नानांच्या वाट्याची होती. नाना म्हणजे शमीमकाकूंचे वडील. पस्तीस वर्षं हवामान खात्यात पावसाचे अंदाज काढून ते निवृत्त झाले होते. गावातले लोक त्यांना चिडवायचे, “नाना, अंदाज सांगण्यापेक्षा पाऊसच पाडला असता तर बरं झालं असतं.” नाना हसायचे. मुलगी आणि नातू गेल्यापासून मात्र त्यांचं हसणं कमी झालं होतं.

तिसऱ्या महिन्यात शमीमकाकूंचा निरोप आला. ‘नौशाद गप्प असतो. नीट जेवत नाही. इथे दुसरं मूल नाही. सुगीला विचारा.’

नानांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. “तुला काय वाटतं, सुगंधा?”

“त्याला आपलं जग पाठवूया,” मी म्हणाले. “तो तिकडे एकटा खेळेल, मी इकडे. पण जग तेच.”

“त्याच्या टॅबवर नाही ते?”

नव्हतं. आम्ही खेळायचो तो टॅब माझ्याकडे राहिला होता, आणि यान सुटण्याआधी सगळ्यांच्या यंत्रांची स्मृती पुसून कोरी केली होती. तिथे तोच खेळ त्याला मिळाला होता, पण त्यात आमचं जग नव्हतं. नानांनी मला अर्धी अक्षरं दिली. मी नकाशा शब्दांत लिहायला घेतला. ‘बुरुजापासून उजवीकडे वळ. तीन चिंचा. मग ओढा. ओढ्याच्या काठाने टेकडी’ आणि तिथे तीस अक्षरं संपली.

आठवड्याने उत्तर आलं. ‘सुगे, इथे बुरूजच नाही. समुद्र आहे. राहू दे.’

त्या ‘राहू दे’ची मला भीती वाटली. नौशाद कधी ‘राहू दे’ म्हणणारा नव्हता.

“असं तीस तीस अक्षरांनी जग पाठवायचं तर किती वर्षं लागतील?” मी रडवेली होऊन नानांना विचारलं.

“तू झाडाची पानं मोजून पाठवतेयस,” नाना म्हणाले. “झाड कुठून आलं ते आधी शोधू. मला सांग, ते जग टॅबमध्ये कुठे ठेवलेलं असतं?”

“आतच. सगळंच.”

“सगळं? जिथे तुम्ही अजून गेलाच नाहीत तेसुद्धा?”

याचा मी कधी विचार केला नव्हता.

नानांनी पाठकोऱ्या कागदाचे दोन तुकडे केले. एक मला दिला, एक स्वतःकडे ठेवला. “आपण एक छोटं जग करू. सुरुवातीचा आकडा चौतीस. नियम असा, की आकड्याला एकवीसने गुणायचं, सतरा मिळवायचे आणि शेवटचे दोनच अंक ठेवायचे. जो आकडा येईल त्याच्यावर पुन्हा तेच. पाच वेळा. आकडा चाळीसच्या खाली आला तर माळ. चाळीस ते एकोणसत्तर डोंगर. सत्तर ते एकोणनव्वद पाणी. त्याच्या वर राक्षस. तू इथे ओट्यावर कर, मी आत जाऊन करतो. एकमेकांचं बघायचं नाही.”

मी हिशेब करत गेले. चौतीस गुणिले एकवीस, सातशे चौदा. त्यात सतरा, सातशे एकतीस. शेवटचे दोन अंक एकतीस, म्हणजे माळ. मग अडुसष्ट, डोंगर. पंचेचाळीस, डोंगर. बासष्ट, पुन्हा डोंगर. एकोणीस, माळ.

नाना बाहेर आले आणि त्यांनी आपला कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला. माळ, डोंगर, डोंगर, डोंगर, माळ.

“तुम्ही खिडकीतून बघितलंत.”

“ओट्याला खिडकी कुठाय?” नाना म्हणाले. “बघ, मी तुला जग पाठवलं नाही. फक्त चौतीस हा आकडा आणि नियम दिला. जग तू तुझ्याकडे उगवून घेतलंस, मी माझ्याकडे. आता पस्तीसने सुरुवात करून बघ.”

पस्तीसने डोंगर, माळ, माळ, डोंगर, माळ असं आलं. एकाच आकड्याचा फरक आणि वाट अगदी निराळी.

“हे आकडे फासे टाकल्यासारखे दिसतात,” नाना सांगू लागले, “पण खरं तर तो फाशाचा बहाणा आहे. त्यांना छद्म-यादृच्छिक आकडे म्हणतात (वरून कसेही पडल्यासारखे दिसणारे, पण ठरलेल्या नियमाने निघालेले). ज्या पहिल्या आकड्यापासून ते सगळे निघतात तो बीजांक. पावसाचे अंदाज काढताना मी असे लाखो आकडे वापरले. तुमचा खेळही तेच करतो. तो जग साठवून ठेवत नाही. तुम्ही पुढे पाऊल टाकलंत की तेवढा तुकडा नियमाने तयार करतो.”

मी कागदाकडे बघत होते. “यात पाण्याचा एक थेंबसुद्धा नाही, नाना. ही तर आटपाडीच झाली.”

नाना बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

आमच्या जगाच्या माहितीत, अगदी खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आमचा बीजांक सापडला. ५८२०४७१३. पाच महिने तो तिथेच होता आणि आम्ही कधी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. आम्ही पाठवलं, ‘नवं जग सुरू करताना हा बीजांक टाक’ आणि पुढे ते आठ अंक. नानांनी त्या आठवड्यात स्वतःसाठी एकही अक्षर ठेवलं नाही. अंक चुकू नये म्हणून आम्ही तो दोनदा लिहिला होता.

मी सात दिवस मोजले. मग उत्तर आलं. ‘बुरूज आला. चिंचा आल्या. पण ओढा कोरडा. नदीच नाही. हे आपलं जग नव्हे. आता नको.’

नानांनी आठही अंक पुन्हा तपासले. बरोबर होते. “बुरूज तोच, चिंचा त्याच,” ते पुटपुटले. “म्हणजे बीजांक बरोबर. मग नियमात फरक पडलाय. सुगंधा, तू माझ्यासमोर नवं जग सुरू कर. बीजांक टाकून. जसं नेहमी करतेस तसंच.”

मी टॅब घेतला. बीजांक टाकला आणि ‘सुरू’वर बोट नेलं.

“थांब,” नाना म्हणाले. “आत्ता मध्येच काय केलंस?”

“काही नाही.”

“बोट एकदा वर गेलं तुझं.”

“ते होय. पाणी ओढलं.”

सुरुवातीच्या पडद्यावर चार पट्ट्या असत. डोंगर, जंगल, राक्षस आणि पाणी. पट्टी मध्यावर असायची, बोटाने वरखाली करता यायची. मी पाण्याची पट्टी टोकापर्यंत वर ओढली होती.

“हे रोज करतेस?”

“सगळेच करतात, नाना. आमच्या शाळेतली सगळी मुलं. पाणी अर्धं कोण ठेवील?”

आमच्या घरी तेव्हा चौथ्या दिवशी टँकर यायचा. खेळात शिरताना पाणी पूर्ण वर ओढणं आमच्यासाठी घरात शिरताना चपला काढण्यासारखं होतं. ते आपण करतो हेसुद्धा आम्हाला कळत नसे. आणि ते काम नेहमी माझं असल्यामुळे नौशादने ती पट्टी कधी हाताळलीच नव्हती.

नानांनी माझा जुना कागद आणला. “तुझी ही आटपाडी बघ. आपण ठरवलं होतं, सत्तरपासून पाणी. समज, पाणी वाढवलं आणि साठपासूनच पाणी धरलं. आकडे तेच राहू देत.”

मी बघितलं. एकतीस, माळ. अडुसष्ट, आता पाणी. पंचेचाळीस, डोंगर. बासष्ट, पाणी. एकोणीस, माळ. आकडा एकही बदलला नव्हता आणि दोन नद्या वाहू लागल्या होत्या.

“बीजांक आणि नियम,” मी म्हणाले. “दोन्ही पाठवायला हवं.”

“आणि आपल्याला जे सांगायची गरजच वाटत नाही, तोही नियमच असतो,” नाना म्हणाले. “खात्यात माझ्या हातून अशा चुका झाल्यात. दुसऱ्या गावच्या माणसाला आपला अंदाज जुळत नाही, कारण आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती त्याला कधी सांगितलेलीच नसते.”

नौशाद पुन्हा प्रयत्न करील की नाही, याचीच मला धास्ती होती. त्याने ‘आता नको’ म्हटलं होतं. नाना म्हणाले, “त्याला तपासून बघावंच लागेल असं काहीतरी लिही.” मी लिहिलं, ‘चूक माझी. पाणी पूर्ण वर ओढ, मग तोच अंक. वाकड्या चिंचेखाली तांब्याचा दिवा आहे. खोटं निघालं तर लाटणं तुझं.’

त्या दिव्याबद्दल त्याला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर मी एकटीच हिंडताना तो मला सापडला होता.

पुढच्या निरोपात पहिल्यांदाच जुना नौशाद होता. ‘दिवा मिळाला. नदी आली. पण आपला पूल कुठाय?’

“पूल बीजांकात नाही,” नाना म्हणाले. “बीजांकात जग असतं, तुम्ही नसता. तुम्ही जे केलंत ते त्याच्यानंतरचं. ते त्याला पुन्हा करावं लागेल.”

मी तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘बांधला. वळणावर. तुझा चुकीच्या जागी होता. मी दोन वेळा जेवतो, आईला विचार.’ आणि त्याच्याखाली, ‘नाना, आता तुमची अक्षरं तुम्ही घ्या.’ नाना तो निरोप दिवसभर खिशात घेऊन फिरले.

सातव्या किल्ल्यापर्यंत पोहोचायला त्याला अकरा आठवडे लागले. आम्ही वेळ ठरवली. रविवारी दुपारी चार. तिथली घड्याळं आपल्याच वेळेवर लावलेली होती. चार वाजता मी ओट्यावर बसले, नाना शेजारी. मी दारावर बोट ठेवलं. त्याच क्षणी जवळजवळ चार लाख किलोमीटर दूर नौशादनेही ठेवलं असणार. आमच्यात तार नव्हती, लहर नव्हती, एक शब्दसुद्धा नव्हता.

दार उघडलं. आत चौक होता आणि चौकात एक विहीर. पाणी काठोकाठ, वाकलं तर ओंजळीत येईल इतकं वर. अशी विहीर मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

“त्याच्याकडे हेच असेल?” मी विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“असणारच.”

“मग विचारतेस कशाला?” नाना म्हणाले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “एक दिवस माणसं इतकी लांब जातील, सुगंधा, की निरोप पोहोचायला वर्षं लागतील. त्यांना सगळं सोबत नेता येणार नाही. जाताना त्यांना एक आकडा आणि एक नियम द्यायचा. मागे राहिलेल्या माणसाने आणि गेलेल्या माणसाने एकाच वेळी तीच विहीर बघायची. तू मोठी झालीस की यावर काम कर.”

मी पुढे तेच केलं.

आठव्या दिवशी निरोप आला. ‘विहीर. काठोकाठ. तुझ्याकडेही?’

त्या आठवड्यात नानांनी सगळी साठ अक्षरं मला दिली होती. मी लिहिलं, ‘माझीही.’ आणि उरलेली सत्तावन्न नानांना परत केली.