टोपणभर तेल

मानक नगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सकाळी ऑफिसच्या सुमाराला अंगणाअंगणांतून स्कूटरी खोकायच्या. त्यातली रमाकांतची कुठली, हे वासंतीला स्वयंपाकघरातूनही कळायचं. तो आधी गाडी एका अंगाला, मांडीवर कलंडवायचा, जरा थांबायचा, सरळ करायचा आणि मग किक. निळा धूर खिडकीतून थेट फोडणीत.

पंपावरच्या तेलावर त्याचा विश्वास नव्हता. तेलाचा डबा डिकीत ठेवायचा आणि एका पांढऱ्या टोपणानं मोजून स्वतः पेट्रोलमध्ये घालायचा. लग्न होऊन अमरावतीहून आलेल्या बायकोला त्यानं लखनौ दाखवायच्या आधी इंजिन दाखवलं होतं, स्टीलच्या पेल्यात वाटी वर-खाली करून.

"हे टू-स्ट्रोक. वाटी वर गेली, दाबलं. खाली आली, धक्का. दर फेरीला धक्का. पण पेट्रोलबरोबर तेलही जळतं, म्हणून धूर. फोर-स्ट्रोकचं कसं, ओढ, दाब, धक्का, मग धूर बाहेर. दोन फेऱ्यांत धक्का एकदाच. तेल खाली वेगळं, ते जळत नाही."

"चारांत एकदाच काम? म्हणजे सरकारी झालं की हो!"

हा विनोद त्यानं ऑफिसात स्वतःचा म्हणून खपवला.

एकदा किक अर्धवट बसली आणि इंजिन उलटं फिरायला लागलं. पहिला गिअर टाकला तर स्कूटर मागं धावली, ती थेट अंगणातल्या पेरूच्या झाडात. वासंती पदर तोंडाला लावून हसत राहिली.

"हसतेस काय? टू-स्ट्रोकला दोन्हीकडनं फिरता येतं. नुसती भोकं ती, त्यांना काय पुढचं-मागचं! फोर-स्ट्रोकला झडपा असतात. त्या आपल्या क्रमानंच उघडणार. ते कधी उलटं जायचं नाही."

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर रमाकांत गेला. झोपेतच गेला, एरवी सांगितल्याशिवाय कोपऱ्यावर न जाणारा माणूस.

क्वार्टर जानेवारीअखेर सोडायचं होतं. नागपूरहून हेमाचे फोन सुरू झाले. पोरगी लखनौत वाढलेली. रागावली की हिंदीत शिरायची.

"आई, ज़िद मत करो ना. यहाँ आ जाओ. तिथं कोण आहे तुझं?"

"मी आहे की."

"अकेली?"

"शिकतेय गं. शिवण शिकले, स्कूटर शिकले, हेही जमेल."

सरोजिनी नगरच्या एका शाळेत तिला शिवणाच्या बाईंची नोकरी मिळाली होती. महिनाअखेर तिथंच खोली घ्यायची ठरलं होतं. जुनी स्कूटर तिनं सोनू मिस्त्रीला दिली आणि नवी फोर-स्ट्रोक घेतली. लोकांना सांगायची, अ‍ॅव्हरेज चांगलं देते. खरं तर तिला तो जळक्या तेलाचा वास नको होता. तो आला की हात आपोआप दोन कपांचं आधण ठेवायचे.

नवी गाडी फार गप्प. दोन धक्क्यांच्या मध्ये रिकामी जागा ऐकू यायची. वासंतीला ती जागा ओळखीची वाटायची.

पंपावर पहिल्याच दिवशी जीभ घसरली. "भैया, तेल भी डाल दीजिए."

"आंटी, फोर-स्ट्रोक है. तेल डालेंगी तो धुआँ-धुआँ हो जाएगा."

ती ओशाळून हसली. घरी येऊन तिनं ते पांढरं टोपण साबणानं घासलं आणि आठवण म्हणून मोहरीच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

थंडी वाढली तसा एका संध्याकाळी शालीला तोच वास आला. मग गाडीच्या आरशात, मागं, निळसर काहीतरी दिसायला लागलं. ती सोनूकडे गेली. त्यानं प्लग काढून दाखवला.

"देखिए भाभीजी, एकदम सूखा. तेल जल ही नहीं रहा. आप अकेली रहती हैं, वहम हो जाता है."

"वहम से धुआँ निकलता है क्या, भैया?"

सोनू हसत किक मारायला वाकला. मग त्यानं हुंगलं. हसू आवरलं आणि पैसेही घेतले नाहीत.

घरी टोपण फळीवर नव्हतं. डिकीत होतं, आतून तेलानं ओलं. तिनं घासून परत ठेवलं. सकाळी पुन्हा डिकीत. पुढं तिनं घासणं सोडून दिलं.

इंजिनाच्या आवाजातली ती रिकामी जागाही हळूहळू भरत आली.

शेवटच्या सकाळी सामान टेम्पोनं पुढं गेलं. धुकं असं की पेरूचं झाड दिसेना. अंगणातला जुन्या स्कूटरच्या तेलाचा काळा डाग मात्र दिसत होता. वासंतीनं कुलूप लावलं. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, ही अंगात मुरलेली सवय. रिकाम्या घराच्या दारात उभी राहून ती सहज बोलून गेली,

"येते हं."

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. आवाज दाट. दर फेरीला धक्का.

तिनं पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

अगदी हळू. फाटक लांब जात राहिलं. तिनं ब्रेक दाबला. चाकं फिरत होती. काळ्या डागावर आल्यावर इंजिन आपणहून बंद पडलं.

वासंती उतरली. चावी काढून मुठीत धरली. स्टँड लावायचं राहिलं, हे हँडल सुटल्यावर लक्षात आलं.

गाडी पडली नाही.

ती सावकाश एका अंगाला कलंडली. अर्ध्यावर थांबली. तिथंच राहिली, कुणाच्या तरी मांडीवर.

मग सरळ झाली.

फाटकापलीकडे रस्ता होता. नोकरी होती, खोली होती. वासंतीनं एकदा तिकडे पाहिलं. मग पदर खोचला, पिशवी पोटाशी धरली आणि मागच्या सीटपाशी, आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन उभी राहिली.

किकचा दांडा खाली गेला.