निरीक्षक दोन

थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून चष्मेवाले काका ती रात्री उशीखाली घेऊन झोपत. ही सवय काकूंनी लावलेली. काकू जाऊन वर्ष झालं, सवय मात्र राहिली. त्या रविवारीही पहाटे पाचला काका उठले, उशीखालून दोन्ही बॅटऱ्या काढल्या, बंडीच्या आतल्या खिशात टाकल्या, थर्मासमध्ये चहा भरला आणि दोनदा खोकले. काकांचा खोकला नेहमी दोनाचाच. काकू म्हणायच्या, "एकदाच खोकलं तर चालणार नाही का तुम्हाला?"

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले आणि शेवटी स्वतःचे कान गेले, आता बोला! कानात यंत्र घातल्याशिवाय ढिम्म ऐकू येत नसे. काकू बसस्थानकावर घोषणा करायच्या. बसमागून बस, फलाटामागून फलाट, एका पट्टीतला आवाज. घरीही त्याच सुरात, "चहा फलाट क्रमांक दोनवर लागला आहे, प्रवाशांनी उठून बसावे." असा सगळा संसार.

दोघांना नाद एकच, पक्ष्यांचा. थंडी पडली की शहरातल्या मोठ्या बागेत तळ्याकाठी दर रविवारी उजाडताना हजर. काका फोटो काढायचे, काकू आवाज टिपायच्या. त्यांच्या मुठीएवढ्या रेकॉर्डरवर प्रत्येक आवाजाआधी त्यांची घोषणा असे: तारीख, वार, वेळ, जागा, तापमान, धुकं आहे की नाही आणि शेवटी, "निरीक्षक दोन." मग पक्षी. एकोणीस हिवाळ्यांत हा क्रम कधी चुकला नाही.

चुकला तो एकदाच. मागच्या वर्षी. हाडं गोठवणारी पहाट होती. काकू स्वेटरवर स्वेटर चढवून, गुडघ्यांना बाम चोळून दारात उभ्या होत्या आणि काका पांघरुणातून म्हणाले, "तू हो पुढे, मी आलोच." आणि झोपले. सरळ झोपले हो! आठ वाजता जाग आली ती दार वाजल्याने. बाहेर मास्तर उभे होते. हे मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पक्षी बघणाऱ्यांच्या छोट्या टोळीचे म्होरके. तळ्याकाठच्या बाकावर काकू त्यांना बसलेल्या सापडल्या होत्या. हृदय थांबलेलं. रेकॉर्डर हातात, चालू. त्यावरची शेवटची घोषणा मास्तरांनी ऐकली होती आणि एकदाच, खाली मान घालून सांगितली होती, "निरीक्षक एक. दुसरे येताहेत."

काकांनी ती कधी ऐकली नाही. ते रडलेही नाहीत. मुलगी फोनवर म्हणे, "बाबा, एकदा मोकळे व्हा." अरे, रडू काय नळाला असतं, सोडला की आलं? त्यांच्या आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. जेवायचे, झोपायचे, बॅटऱ्या उशीखाली ठेवायचे.

आता मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी न्यायला सोमवारी दुपारी गाडी घेऊन येणार होती. म्हणजे हा शेवटचा रविवार. आणि काकूंच्या यादीत एक जागा रिकामी होती. बागेतल्या सुरूच्या झाडांवर फक्त थंडीपुरतं एक घुबड येई, डोक्यावर दोन तुरे असलेलं. एकोणीस हिवाळे ते यादीत होतं. या हिवाळ्यात कुणालाच दिसलं नव्हतं. यादी तुटू द्यायची नाही, एवढं एकच काकांना अजून हवं होतं. कशासाठी ते विचारू नका, त्यांनाही सांगता आलं नसतं.

म्हणून त्यांनी टोळीचा नियम मोडायचं ठरवलं.

नियम मास्तरांचा. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. अगदीच अडलं तर तीनदा वाजवायचा आणि बंद. "अहो, त्याला वाटतं जोडीदार हाक मारतोय," मास्तर सांगायचे. "तो येतो, शोधतो. सापडला नाही तर घिरट्या घालत बसतो, खाणंपिणं सोडून. हाक मारायची आणि आपण लपून बसायचं, याच्याइतकं पाप नाही."

काकांनी काकूंच्या रेकॉर्डरवर तो घुबडाचा आवाज आदल्या संध्याकाळी शोधून ठेवला होता. आठ वर्षांपूर्वीचा. सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकलं, आवाज ठणठणीत होता. पुढचं ऐकायची गरज वाटली नाही.

बागेत चिटपाखरू नव्हतं. धुकं तळ्यावरून उठून वाटेवर आलं होतं, गवत दहिवराने पांढरं पडलं होतं आणि कुजलेल्या पानांचा वास येत होता. काकांनी बाकाच्या पाठीवर छोटा स्पीकर ठेवला. तोच बाक. सुरूची रांग त्याच्या मागेच, मग दुसरीकडे ठेवणार कुठे? त्याला रेकॉर्डर जोडला, आवाज संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल असं बटण दाबलं आणि तीस पावलांवरच्या एका जाड बुंध्यामागे जाऊन बसले. बसताना कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. कानटोपीखाली ते शिट्टी मारतं आणि पक्षी उडतात.

मग सगळं शांत झालं. म्हणजे काकांपुरतं.

कॅमेरा मुलीने घेऊन दिलेला होता, नव्या चालीचा. माणसाचा चेहरा दिसला की पडद्यावर आपोआप त्याच्याभोवती पिवळा चौकोन काढायचा. पक्ष्यांच्या कामी त्याचा काही उपयोग नाही, पण काकांना तो बंद करता येत नसे. त्यांनी भिंग बाकाकडे लावलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घुबडाचा पत्ता नाही. उलट बदकं तळ्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन दाटीवाटीने बसली होती.

आणि चौकोन उमटला.

रिकाम्या बाकावर, डाव्या टोकाला, बसलेल्या माणसाचं डोकं असतं त्या उंचीवर. काकांनी कॅमेरा बाजूला करून नुसत्या नजरेने पाहिलं. बाक रिकामा होता. पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. चौकोन होता. 'थंडीने डोकं फिरलंय याचं,' काका मनात म्हणाले आणि भिंग रुमालाने पुसलं.

चौकोन वर सरकला. उभं राहिलेल्या माणसाइतका. तो स्पीकरजवळ गेला, थांबला. मग सुरूंकडे गेला, परत आला. बाकाला एक फेरी. दुसरी फेरी, थोडी मोठी. मधेच थांबे, जरा वळे, पुन्हा निघे. काका बोटाने बटण दाबत राहिले, कारण बोटाला तेवढंच येत होतं. बामाचा वास आला तेव्हाही त्यांनी फक्त नाक पुसलं. चौथ्या फेरीत चौकोन एवढा मोठा झाला की पडद्याच्या कडांना टेकला.

खांद्यावर हात पडला.

काका दचकून वळले. मास्तर होते, धापा टाकत, चेहरा उतरलेला. ओठ हलत होते. काकांनी डबीतून यंत्र काढून कानात घातलं.

"...बंद करा आधी ते!" मास्तर कुजबुजले. "किती वेळ... किती वेळ हाक मारताय तिला?"

"घुबडाला, मास्तर. यादीसाठी..."

"ऐका."

काकांनी ऐकलं. धुक्यातून घुबडाचा हुंकार आला, खोल, सावकाश. आला, थांबला. मग गवतातली पावलं, आणि काकांचाच आवाज, आठ वर्षांनी तरुण. "अगं, कुठे आहेस? काही दिसत नाहीये... मी इथे आहे. ये ना इकडे, मी थांबलोय." आणि पुन्हा पहिल्यापासून घुबड.

त्यांना आठवलं. तो आवाज टिपला त्या दिवशीही असंच धुकं होतं, ते थर्मास आणायला गेले होते आणि वाट चुकले होते. काकूंनी रेकॉर्डर बंदच केला नव्हता.

"मी फाटकापासून ऐकतोय," मास्तर म्हणाले. "अर्धा तास तरी झाला असेल. नियम तुम्हाला माहीत होता ना?"

काकांनी जाऊन स्पीकर बंद केला. बाकाभोवतीचं दहिवर तुडवलं गेलं होतं. गोल, एकाबाहेर एक. शेवटचं वर्तुळ बुंध्यापर्यंत, ते बसले होते तिथपर्यंत आलेलं.

"कुत्रं असेल," मास्तर म्हणाले. ते स्वतःलाही पटलं नसावं, कारण परतताना ते एकदाही मागे वळून पाहायला तयार नव्हते.

घरी येऊन काकांनी सामान बांधलं. सगळे फोटो पाहिले. बाक, धुकं, बाक. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलीचा फोन आला.

"बाबा, दुपारी बारापर्यंत पोचते. औषधं वरच ठेवा. आणि आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"जिन्यात कोणी आहे का? चालल्यासारखं..."

काकांनी फोन ठेवला आणि ऐकलं. जिन्यात पावलं होती. वर जात होती, खाली येत होती. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारापाशी जरा थांबत होती. त्यांच्याही दारापाशी थांबली. दाराखालून बामाचा वास आत आला. काका दाराआडच उभे राहिले आणि पावलं पुढे गेली. परत आली. पुन्हा गेली.

भीती वाटायला हवी होती. कुणालाही वाटली असती. पण काकांना भलतंच काही झालं. आपण हाक मारली आणि झाडामागे लपलो, हे त्यांना कळलं. त्याआधी, मागच्या वर्षी, 'आलोच' म्हणालो आणि पांघरुणात लपलो, हेही. आणि ती मात्र दोन्ही वेळा आली. वर्षभर दगड झालेल्या त्या माणसाच्या घशातून कसलासा आवाज निघाला. त्यांना फार वाईट वाटलं. एवढंच, पण ते वर्षभरात पहिल्यांदा वाटलं.

त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. "अगं..." म्हणाले. "मी इथे आहे."

जिना रिकामा होता. खालच्या मजल्यावरचा दिवा जळत होता. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. कोणी आलं नाही, पावलंही पुन्हा वाजली नाहीत.

दार लावून काका टेबलाशी बसले. रेकॉर्डर पिशवीतून काढून तिथेच ठेवलेला होता. त्याच्यावर नवी नोंद दिसत होती. काकूंच्या शेवटच्या नोंदीच्या पुढची, त्या यंत्रावर कुणीच न केलेली. शेवटची नोंद ऐकायचा धीर वर्षभर झाला नव्हता, पण ही त्यांनी लगेच लावली.

आधी वारा. मग बसस्थानकावरचा तोच एका पट्टीतला आवाज.

"बारा तारीख, सोमवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तळ्याकाठचा बाक. तापमान दोन अंश. धुकं आहे."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज रविवार होता. अकरा तारीख.

"निरीक्षक दोन."

आणि मागे, अगदी जवळून, कोणीतरी खोकलं. दोनदा.

काकांनी रेकॉर्डर बंद केला. मुलगी बाराला येणार होती. म्हणजे तसा वेळ होता. त्यांनी मुलीसाठी किल्ली शेजारी नेऊन दिली, औषधं वर काढून ठेवली आणि पाचचा गजर लावला. पण गजर ऐकू कसा येणार म्हणून उगाच चिंता करत बसले. मग दोन्ही बॅटऱ्या उशीखाली सरकवल्या, दिवा मालवला, कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं.

यंत्राशिवाय त्यांना ढिम्म ऐकू येत नसे.

"झोपा आता," उशीशेजारून काकू हळूच म्हणाल्या. "मी उठवते."