लंगडत गेलेली टेकडी

सादिया व्हॅनमध्ये शिरली ती तोंडाचा पट्टा चालवतच.

"भैया, कितना लेट? आधे घंटे से धूप में खडे हैं हम. और एसी भी बंद?"

ड्रायव्हरनं आरशातून एकदा पाहिलं, एसी लावला आणि पाण्याची बाटली मागे दिली. तिचं सगळं बोलून होईपर्यंत तो थांबला. मग अगदी शांतपणे, कोकण किनाऱ्यावरच्या मराठीत म्हणाला, "झालं बोलून? आता नऊ वाजलेत. मला नऊचंच सांगितलं होतं."

मागून तिची मावशी, सुरैयाखाला, धापा टाकत चढल्या. "अगो, त्याला काय बोलतेस? मीच तुला साडेआठ सांगितलं. हिला अर्धा तास आधीचीच वेळ सांगावी लागते रे बाबा. आज नेमकी वेळेत आली, त्याला मी काय करू?"

सादियाचे कान तापले. सौदीतल्या राबिघच्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती, भल्याभल्या अरब शेखांना दमात घेऊन गुडघे वाकवायला लावायची. पण आता ती नुसती खिडकीबाहेर बघू लागली.

"तुम्ही... मराठी?" तिनं बऱ्याच वेळानं विचारलं.

"हर्णैचा. हाशिर." तो गाडी वळवत म्हणाला. "तुम्ही दापोलीकडच्या. गाडी आली तेव्हा खालांशी फोनवर भांडत होता ना, त्यावरून कळलं."

अशी सुरुवात. म्हणजे पहिल्या भेटीतच सादियाची मान खाली गेली होती, आणि पुढे ती किती खाली जाणार आहे हे बिचारीला ठाऊक नव्हतं.

सहल राबिघमधल्या कोकणी कुटुंबांची होती. पहिला दिवस जेद्दातल्या जुन्या शहराचा, दुसरा वाहबाच्या ज्वालामुखीचा. टूर कंपनीनं गळ्यात लायसन अडकवलेला गाइड दिला होता. अरीब त्याचं नाव, इथलाच, हसरा माणूस. त्यानं इंग्रजीत सुरुवात केली. पाच मिनिटांत सगळ्या खाला-चाच्या जांभया देऊ लागल्या. अरीबनं हात टेकले. "हाशिर, यल्ला, तू सांग यांना," म्हणाला, आणि स्वतः चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

आणि हाशिर सांगू लागला. जुन्या घरांच्या लाकडी जाळीदार खिडक्यांखाली उभा राहून म्हणाला, "हे सागवान बघा. यातलं कितीतरी आपल्या बाजूकडून गलबतांतून आलंय. आपण इथं यायच्या आधी आपली लाकडं आलीत." खाला लोकांनी माना वर करून त्या खिडक्यांकडे असं पाहिलं, जणू माहेरचं कुणी भेटलं. सादियानं मात्र खिडक्या फारशा पाहिल्याच नाहीत. बोलताना त्याचा उजवा हात हवेत काहीतरी घडवत राहायचा, ती त्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी वाहबाला पोहोचले तेव्हा रात्रीचा पाऊस नुकता उघडला होता. काळ्या दगडांना ओला वास येत होता. समोर जमीन एकदम संपायची आणि खाली, खोल खोल, पांढऱ्या मिठावर पाण्याचा पातळ थर चमकत होता. एवढं मोठं तळं, आणि घोटाभर पाणी.

"इथले लोक एक गोष्ट सांगतात," हाशिर म्हणाला. "इथं पूर्वी एक टेकडी होती. तिचं लांबच्या एका डोंगरावर मन बसलं. एका रात्री वीज चमकली, विजेत तो तिला दिसला, आणि ही जागेवरून उठून निघालीच. मागे राहिला तो हा खड्डा." मग सादियाचा हात पर्सकडे जाताना पाहून त्यानं आवाज उतरवला. "मॅडम, फोटो काढा. पण माझा व्हिडिओ नको हां. इकाम्याच्या परवान्यावर मी ड्रायव्हर आहे. गाइडचं लायसन माझ्याकडे नाही. बोलायचा हक्क अरीबचा."

"बरं," सादिया म्हणाली.

बरं म्हणाली, आणि खालांच्या फुलाफुलांच्या ओढणीआड उभी राहून तिनं फोन सुरू केला.

"वाटेत दुसरा एक डोंगर जळफळला," हाशिर सांगत होता, "त्यानं तिला भाला फेकून मारला. पाय जायबंदी झाला..."

"मग फिजिओथेरपी लागली असेल," सादिया बोलून गेली आणि स्वतःच हसली. तो वळला, तोही हसला. पुढची गोष्ट राहिली, कारण तेवढ्यात खालांना चक्कर आल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिनं तो व्हिडिओ टाकला, स्वतःचं नाव नसलेल्या अकाउंटवरून. वर लिहिलं, 'सौदीतला सर्वांत भारी गाइड!' कंपनीचं नावही जोडलं. त्याला गिऱ्हाइकं मिळतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. तो आवाज तिला कुणाला तरी ऐकवायचा होता... बघा, मला काय सापडलंय.

चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. हाशिर त्याबद्दल कधी बोलला नाही, म्हणून तिला वाटलं, याच्यापर्यंत गेलाच नसेल. सहलीतच नंबर दिले-घेतले होते, मेसेज मात्र रोज यायचे. तो हर्णैच्या होड्यांचे फोटो पाठवायचा, ती पेशंटच्या गमती. 'आज एकानं मला विचारलं, व्यायाम माझ्याऐवजी माझा ड्रायव्हर करेल का.' त्यावर त्याचं उत्तर, 'ड्रायव्हर लोकांना सगळं करावं लागतं. विचारा, पगार किती देणार.' ती वॉर्डात एकटीच हसायची.

मग एकाएकी मेसेज आटले. एका शब्दाची उत्तरं आली, पुढे तीही थांबली. घरच्यांनी मुलगी बघितली असणार, असं सादियानं ठरवून टाकलं आणि आठवडाभर उशीत तोंड खुपसलं.

दोन महिन्यांनी मंडळी अल-उलाला निघाली, डोंगरात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची थडगी बघायला. गाडी तीच, अरीब तोच, चाकावर हाशिर. सादिया मुद्दाम त्याच्या मागच्याच सीटवर बसली.

"आज कुठली टेकडी पळवणार?"

"गाइडसाहेबांना विचारा, मॅडम."

"एसी बंद आहे, भांडू का?"

त्यानं एसी वाढवला. हसला नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

जेवायला थांबले तेव्हा अरीबनं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. हाशिर तेव्हा टायरची हवा बघत होता. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. तो तपासणी करणाऱ्यांपर्यंत गेला. ड्रायव्हर गाइडचं काम करतो म्हणून कंपनीवर संकट आलं. हाशिरनं लिहून दिलं, अरीबनं सांगितलं नव्हतं, मीच आपल्या मनानं बोललो. अरीबचं लायसन वाचलं. हाशिरचा इकामा मात्र त्याचा कफील, म्हणजे मालक, पुढे वाढवणार नाही. ही शेवटची फेरी. महिनाअखेर घरी, खलास.

"कोण मेलं ते व्हिडिओवालं?" सुरैयाखाला कडाडल्या. "पोराच्या पोटावर पाय आणला. हात झडोत त्याचे."

सगळ्यांनी सादियाकडे पाहिलं. पाहिलं नसेलही, चोराच्या मनात चांदणं. पण तिच्या तोंडून शब्द निघून गेले, "हो ना. काय एकेक लोक असतात."

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. व्हिडिओ टाकला ती चूक होती, पण हे काय होतं? तिनं टेबलाखाली फोन काढून तो व्हिडिओ पुसला. आपल्या अंगठ्याचीसुद्धा तिला लाज वाटली, किती चटकन फिरला.

थडग्यांच्या बाहेर गाडी लावली. आत तिथल्याच बसनं जायचं होतं. खाला उतरायला तयार नव्हत्या. "तिथं पूर्वी अल्लाचा कोप झालाय. रेंगाळायची जागा नाही ती. जायचंच तर रडत जावं, रडत यावं." त्या जपाची तसबीह घेऊन व्हॅनमध्येच बसल्या.

सादिया आत गेली. तांबूस डोंगराच्या अंगावर उंचच उंच दरवाजे कोरलेले, वर पायऱ्यांची नक्षी. अरीब कुठल्या राजाचं नाव सांगत होता. तिला काही ऐकू येत नव्हतं. तो उजवा हात सकाळपासून स्टिअरिंगवर गप्प बसला होता, तो आपण गप्प बसवला. तिला रडू फुटलं आणि थांबेना.

परत आली तेव्हा डोळे सुजलेले. खालांनी काच खाली करून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. "माशाअल्ला. बाकीच्या पोरी तिथं सेल्फी काढतात. बघा, माझी सादिया कशी रडून आली." त्यांनी काच वर घेतली आणि समाधानानं पुन्हा मणी ओढू लागल्या.

या कौतुकानं उरलंसुरलं अवसानही गेलं. सादिया गाडीला वळसा घालून पुढे आली. हाशिर काच पुसत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"नको," ती म्हणाली. "मला पाणी देऊ नका. तो व्हिडिओ... मी टाकला होता. तुम्ही नको म्हणाला होतात, मी बरं म्हटलं, आणि तरी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अर्ध्या व्हिडिओत खालांची ओढणी आहे. तसली ओढणी सबंध सौदीत दुसरी नसेल."

"मग बोलला का नाहीत? मला मेसेज करत राहिलात... तपासणीवाल्यांना माझं नाव का नाही दिलंत?"

"नाव देऊन काय झालं असतं? तुम्हालाही चार चकरा." तो फडकं पिळू लागला. "राग आला होता. खोटं कशाला बोलू? तीन आठवडे बोललो नाही तो रागच होता. रोज रात्री तो व्हिडिओ बघायचो, म्हणायचो आज पुरता राग करून घेऊ. पण शेवटी तुम्ही हसता त्यात. फिजिओथेरपी म्हणता आणि हसता. दोनच सेकंद... तिथं आलं की राग मोडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून लावायचो."

सादियानं बाटलीकडे हात नेला आणि तसाच राहू दिला. "मी तो आत्ता पुसून टाकला," ती म्हणाली.

"माझ्याकडे आहे," हाशिर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

माणसं परतली, गाडी निघाली. दहा मिनिटं झाली नसतील, मागे खालांनी पुन्हा विषय काढला. "एवढा गोड बोलणारा पोरगा, बघा कसा मुका करून ठेवला. सापडू दे मला ते व्हिडिओवालं."

सादिया सीट धरून उभी राहिली.

"सापडलं, खाला. मीच ते. यांनी नको म्हटलं असताना मी चोरून काढला. आणि मघाशी तुमच्या शिव्यांना मीही हो ना म्हटलं, त्याची मला जास्त लाज वाटते. सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे पुन्हा लपवता येणार नाही."

अरीबला शब्द कळले नसावेत, पण त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

"मघाचं रडणं यासाठी होतं?" खालांनी विचारलं.

"हो."

"आणि मी कौतुक केलं." खालांनी तसबीह बोटांभोवती गुंडाळली. मग पुढे वाकून म्हणाल्या, "हाशिर, हर्णैला घर कुठं तुझं?"

"बंदरापाशी, खाला."

"आईचा नंबर दे. असल्या गोष्टीची माफी गाडीत मागून भागत नाही. जूनमध्ये हिची सुट्टी आहे. घरी घेऊन येईन मी हिला, आणि तुझ्या आईशी मला आणखीही बोलायचंय."

मागे कुणीतरी खुसखुसलं. सादिया खाली बसली. लाज गेली नव्हती, ती इतक्यात जाणारही नव्हती. या वेळी व्हिडिओ नको म्हणून तिनं मागे वळून फोन खालांच्या पिशवीत टाकला आणि हलकेच विचारलं, "ती टेकडी... पुढे पोहोचली का?"

हाशिरनं रस्त्यावरची नजर काढली नाही. पण उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि हवेत एक वळणाची वाट दाखवू लागला.

"पोहोचली. लंगडत गेली. खूप उशीर झाला."

"आणि तो डोंगर?"

"तो थांबला होता. त्याला कुणीतरी अर्धा तास आधीची वेळ सांगितली होती."