उलट खूण

आमची ओळख एका तारेने करून दिली. रविवारी सकाळी मी खिडकीशी केस पुसत उभी होते, तर गच्चीवरून एक तांब्याची तार लोंबत आली आणि थेट खिडकीत ठेवलेल्या माझ्या चहात बुडाली.

"ओ गच्चीवाले! चहा हवा असेल तर जिन्याने या!"

तो खरंच आला. चौथ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू; बोटींवरचा वायरलेस ऑपरेटर, पुढच्या नोकरीची वाट बघत बसलेला. माझ्या लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्हएवढा रेडिओ रिसीव्हर बघून तो माफी मागायचंच विसरला.

"हे... तुमचं?"

"नाही, आत्याचं. भाजी निवडता निवडता सिग्नल सोडवते ती."

आत्या आतून खोकली. पहिल्या मजल्यावर आम्ही दोघीच राहायचो.

कानाची मशीनं दुरुस्त करणं हा माझा धंदा, रेडिओ हा छंद. पण रिसीव्हरला जोडलेलं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलेलं, त्यामुळे तोरा मोठा. मग दर रविवारी पाचला आमचा खेळ सुरू झाला. तो वरून आपल्या सेटवर एक ओळ पाठवायचा. हवेतून यायचे ते नुसते दोन सूर — एक उंच, एक खालचा. त्यांच्यावरून माझं सॉफ्टवेअर अक्षरं जुळवायचं, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून उत्तर द्यायची.

एकदा आलं, 'निळा ड्रेस छान दिसतो.'

"लक्ष सेटवर ठेव!" मी ओरडले. सगळ्या इमारतीने ऐकलं. तोच ड्रेस मी पुढचे तीन रविवार घातला...

"तुझं कधी काही चुकतच नाही का गं?" त्याने एकदा जिन्यात विचारलं.

"अक्षरं चुकली तर खुशाल समज, तुझा सेट बिघडला." नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा माझा जुना रोग.

आणि एका रविवारी पडद्यावर धड एक शब्द उमटेना. दोनदा, तीनदा चालवून पाहिलं... तेच. मला वाटलं, मला हरवायला यानं मुद्दाम काहीबाही पाठवलंय. वर जाऊन 'कळलं नाही' म्हणायचं? छे! मी फणकाऱ्याने खिडकी लावली. चांगली धाडकन.

बुधवारी तो बोटीवर निघून गेला. आत्याचा निरोप घेतला, माझा नाही. मीही म्हटलं, गेलास उडत. आणि मग कितीतरी रविवार पाच वाजता खिडकी उघडून बसले.

चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला, जुन्या फाइली चाळायला बसले. माझं सॉफ्टवेअर हवेतला सिग्नल त्या वेळच्या सेटिंगसकट जसाच्या तसा साठवून ठेवतं. कधीही पुन्हा सोडवता येतो. तो रविवार उघडला, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात खूण दिसली: 'उलट'.

काही केंद्रं उंच आणि खालच्या सुरांची अदलाबदल करून पाठवतात. त्या सकाळी हवामानाचं तसलंच एक केंद्र ऐकताना मीच ती खूण केली होती, आणि काढायची विसरले होते.

खूण काढली. अक्षरं सरळ उमटत गेली.

'खेळ पुरे. लग्न करशील माझ्याशी? हो असेल तर वर ये. सहापर्यंत थांबतो. नाहीतर बोटीच्या नोकरीच्या कागदांवर सही करतो.'

मी ढसाढसा रडले. मग आत्याकडून नंबर घेऊन फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.



"तू खिडकी लावलीस," तो म्हणाला. "मी वरून बघत होतो. म्हटलं, मिळालं उत्तर."

"खाली येऊन विचारायचंस ना रे... तीन जिने तर होते!"

"तुलाही तेवढेच होते की."

मागून एक इवलासा आवाज आला — "बाबा, चला ना!"

"लेक," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षांची झाली. ...एक विचारू? त्या दिवशी... आली असतीस?"

"पळत आले असते."

"बरं," तो म्हणाला. "ठेवू आता?"

आता दुकानात कुणी ऐकू न येताच मान डोलावली, की मी काम थांबवते. "आजोबा, कळलं नाही ना? मग पुन्हा विचारा. लाजू नका," म्हणते, आणि त्यांनी विचारेपर्यंत थांबते.