दर्शनी बाजू

जुन्या वस्तूंनी घर सजवायचं ठरलं, की पहिली अडचण घरातल्या जुन्या माणसाची होते. खराडीतल्या रणजितच्या घरात या अडचणीचं नाव तुळजाबाई होतं आणि ती त्याची आई होती.

ज्या मळ्यात तिने जन्मभर ज्वारी खुरपली, त्याच मळ्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, तिला एक खोली होती. खोलीत निळी प्लॅस्टिकची खुर्ची, नायलॉनच्या पट्ट्यांची खाट, पत्र्याची ट्रंक आणि वारलेल्या नवऱ्याचा, सोनबांचा, फोटो. इंटिरिअर डिझायनर निकिताने हे सगळं बघून मान हलवली. थीम पारंपरिक होती, आणि खऱ्याखुऱ्या खेडवळ बाईचं सामान काही तिच्यात बसेना. रणजितच्या बायकोने, राजनंदिनीने, समया, घंगाळ, झोपाळा असं बरंच जमवलं होतं. कुणाकुणाच्या आज्यांचं होतं ते. घरचं पितळ सासूने कधीच मोडीत घालून स्टील घेतलं होतं, याचा तिला राग होताच. शिवाय सासूला दारावर आलेल्याला चतकोर भाकरी द्यायची सवय. सोसायटीने भिकाऱ्यांना गेटवरच अडवायला सुरुवात केल्यापासून तो चतकोर रोज ओट्यावर उरायचा आणि थीममध्ये तोही बसत नव्हता.

काम होईपर्यंत आईने कर्वेनगरला लेकीकडे, द्वारकाकडे, राहावं असं ठरलं. त्यानंतर काय, ते कोणी विचारलं नाही. त्यामुळे कोणाला खोटं बोलावं लागलं नाही.

सगळ्या सजावटीत मानाचं होतं ते दार. करीमभाईंच्या जुन्या लाकूडसामानाच्या दुकानातून चौकट-उंबरठ्यासकट उचललेलं, अस्सल सागवानी. बाहेरच्या अंगाला कोरलेली कमळं आणि वाजवायची कडी, आतल्या अंगाला आडवा सरकवायचा अडसर. ते तुळजाबाईच्या खोलीला बसवलं आणि कमळं हॉलकडे केली. पाहुण्यांना दिसायला नकोत? आतून कोण बघणार होतं?

निघायच्या दिवशी तुळजाबाई पिशवी घेऊन त्या दारापुढे थांबली.

"दर्शनी बाजू बैठकीकडं केलीस व्हय रे?" ती म्हणाली. "मंग घर त्या अंगाला गेलं की. तुमी बसला रस्त्यावर."

निकिताला हे फार क्यूट वाटलं. राजनंदिनीने गाडी खाली आल्याचं सांगितलं. रणजितने पिशवी उचलली आणि काम झालं की लगेच न्यायला येतो म्हणाला. हे तो दाराकडे बघून म्हणाला.

सुरुवात धुळीने झाली. खिडक्या बंद, एसी चालू, तरी सोफ्यावर रोज बैलगाडी गेल्यासारखी माती. राजनंदिनीने कामवाल्या बाईला बोल लावले, बाईने काम सोडलं, माती येतच राहिली. मग बेडरूममधल्या गाद्या पहाटे ओल्या लागू लागल्या. गळती कुठेच नाही, असं सांगून प्लंबर चहा पिऊन गेला. रणजितने चादरीवर तळवा फिरवून पाहिला. दव होतं.

घर बघायला आलेले लोक सोफ्याच्या कडेवर टेकत आणि बंद दाराकडे बघत राहत. राजनंदिनीची एक मैत्रीण उठता उठता म्हणाली, "बरं, घरचे आले की सांगा, मी येऊन गेले म्हणून." पुणेरी टोमणा समजून राजनंदिनीने तिचा नंबर ब्लॉक केला. पण कुरिअरवाल्याला टोमणे मारायला वेळ नसतो. त्याने सोफ्यावर बसलेल्या रणजितलाच विचारलं, "घरात कोणी नाही का?"

रणजित नाही म्हणाला. किती सहज म्हणालो, हे त्याला पार्सल परत गेल्यावर जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडेना. आतून अडसर लागला होता. फटीतून चुलीचा धूर येत होता आणि भाजत्या भाकरीचा वास.

रणजितने द्वारकाला फोन केला. आई समोर मटार सोलत बसलीय, ती म्हणाली, आणि बरी आज चौकशी सुचली. तो गाडी काढून कर्वेनगरला गेला. आईची आठवण येते म्हणाला. दार उघडत नाही, हे म्हणाला नाही.

खराडीला आल्यावर तुळजाबाईने चपला हॉलमध्ये काढल्या नाहीत. चालत कोरीव दारापर्यंत गेली, उंबरठ्याशी काढल्या आणि आपल्या ओक्याबोक्या हाताने कडी वाजवली.

"मी हाय," ती म्हणाली.

आत कोणीतरी खाकरलं. सोनबांचं खाकरणं एके काळी पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जायचं.

अडसर सरकला. आत खोली नव्हती. वाळत घातलेल्या ज्वारीवर पडतं तसलं ऊन होतं.

उंबरठ्याला हात लावून तिने तो कपाळाला नेला आणि आत गेली. दार लागलं.

रणजितने कडी वाजवली.

"कोण पाहिजे?" आवाज आईचाच.

"आई, मी. रणजित."

आत तिने कोणाला तरी विचारून बघितल्यासारखं वाटलं.

"न्हाई बा. असं कोणी राहत न्हाई हितं."

अडसर लागला.

त्याने पुन्हा कडीला हात घातला, तेव्हा राजनंदिनीने त्याला मागे ओढलं.

"अहो, नका वाजवू," ती कुजबुजली. "दुपारची वेळ आहे. झोपले असतील."

ती उंबरठ्यापासून जरा लांब, मातीत बसली. रणजितही बसला. हॉलमध्ये वारा सुटला होता.

दिवेलागणीला दार हातभर उघडलं आणि एक हात बाहेर आला. आईचाच हात, मनगटावरच्या गोंदणासकट. त्यात हिरव्या बांगड्या होत्या, आणि दोन चतकोर भाकऱ्या.

रणजित काही बोलायच्या आत राजनंदिनीने ओढणी पसरली होती.