न मुरलेली सकाळ

प्रयोगशाळेत दिवसभर एकच निकाल तपासून वैदेही राजाध्यक्ष थकली होती. खरं तर हल्ली ती कायमच थकलेली असे आणि त्याचं कारण तिला सापडत नसे.

"पुन्हा एकदा सांग, इरफान," ती म्हणाली. "सावकाश."

डॉ. इरफान मुजावर तिच्याच विभागात स्मृतीवर काम करायचा. लोपनिद्रा ही या विभागाचीच निर्मिती. शहरापासून लांब राहणारी माणसं दूरयानात बसली की कपाळाला एक पट्टा लावत. पट्टा मेंदूतली आठवणींची नोंद थांबवी. माणूस घराजवळ डोळे मिटे आणि ऑफिसपाशी उघडे. मधले दोन तास त्याच्या लेखी घडलेलेच नसत. या भरवशावर लोक शहरातली खुराडी सोडून घाटापलीकडच्या वसाहतीत राहायला गेले होते. वैदेही आणि तिचा नवरा हृषीकेशही गेले होते. तिथे अंगण होतं, स्वच्छ हवा होती, आणि तिच्या सासऱ्यांना, अप्पांना, फिरायला तळं होतं.

"आठवण मेंदूत लगेच पक्की होत नाही," इरफान म्हणाला. "लोणच्यासारखी मुरावी लागते. तास-दीड तास तरी. आपण समजत होतो, पट्टा फक्त नवी नोंद थांबवतो. तसं नाहीये. तो मुरणंच थांबवतो. म्हणजे पट्टा लावताना जे कच्चं असतं, तेही जातं."

"प्रवासाच्या आधीचा तास-दीड तास?"

"हो. ज्यांना चित्रं दाखवून लगेच पट्टा लावला, त्यांना चित्रं पाहिल्याचंच आठवत नाही. आणि काही हरवलंय असंही वाटत नाही."

"आपल्या चाचण्यांत हे आलं कसं नाही?"

"आपण फक्त प्रवासाबद्दल विचारत होतो ना."

वैदेहीने मनाशी हिशोब केला. उठल्यापासून यानात बसेपर्यंत तिचा तेवढाच वेळ जायचा. तिने आजची सकाळ आठवून पाहिली. काही हाती लागेना. कालचीही नाही. तळ्यावरचं धुकं, अंगणातला चहा, अप्पांचा रेडिओ, हे सगळं लख्ख आठवत होतं. पण ते रविवारचं होतं.

"मला त्या घरातली फक्त रविवारची सकाळ आठवते," ती म्हणाली.

"मॅडम, आज जाताना पट्टा लावू नका. नाहीतर उद्या मला हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल."

त्या संध्याकाळी ती जागी राहून घरी गेली. सगळ्या यानात डोळे उघडे असलेली ती एकटीच. घाटाच्या वळणांवर बाकीच्यांच्या माना एकदम कलत आणि एकदम सावरत. एका बाईच्या मांडीवरून डबा घसरून खाली पडला, तरी तिला पत्ता नव्हता. वैदेहीचे पाय अवघडले, कंबर भरून आली. उतरताना तिच्या लक्षात आलं, ही कंबर रोजच भरून येत होती.

हृषीकेश तिच्या आधी पोचला होता आणि अप्पांबरोबर मटार सोलत बसला होता. तिने दोघांना सगळं सांगितलं.

"मग बिघडलं काय?" हृषीकेश म्हणाला. "सकाळच्या घाईत आठवण्यासारखं असतं तरी काय? संध्याकाळ तर आपली आहे ना! शहरात काय होतं, दोन खोल्या आणि समोर भिंत."

अप्पांचे हात थांबले होते. "म्हणजे सकाळी तुम्ही जे बोलता, ते तुमच्या लक्षातच राहत नाही?"

"काय बोलतो आम्ही, अप्पा?"

ते जरा घुटमळले. "अगं, परत जायचं म्हणता. ओट्याशी उभ्याउभ्या चहा पिताना. आता बास झालं, शरीर साथ देत नाही, शहरात मिळेल ती जागा घेऊ. ऑफिसातून एजंटला फोन करतो, असं सांगून हृषी निघतो. आणि संध्याकाळी येता ते हसत, तळं किती छान दिसतंय म्हणत. मला वाटायचं, वाटेत विचार करून मन बदलत असाल. तुमच्या संसारात मी कशाला बोलू?"

"असं कधी बोललो आम्ही?" हृषीकेशने विचारलं.

"सुट्टीचा दिवस सोडला, तर रोज."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. वसाहतीतले जवळजवळ सगळे रहिवासी समाधानी आहेत आणि कुणी घर सोडून जात नाही, हा वैदेहीच्याच विभागाचा निष्कर्ष होता. लोकांना प्रश्न विचारले होते ते संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी दोघं थांब्यावर आली ती पट्टे घरी ठेवून. शेजारची सुलक्षणा ढवळे रांगेत पुढेच उभी होती.

"आमचं ठरलं गं एकदाचं," तिने वैदेहीला सांगितलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा तिचा चेहरा होता. "परत जातोय शहरात. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

वैदेहीने तिचा हात धरला. रांग सरकेपर्यंत तिने सगळं समजावलं. मुरणं, पुसलं जाणं, अप्पांनी सांगितलेलं. "म्हणून आज जागी राहा. माझ्याशेजारी बस. तरच हे टिकेल."

सुलक्षणाने शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा उतरला. यानात शिरून ती वैदेहीच्या शेजारी बसली आणि खिडकीतून घाटाकडे बघत राहिली.

"पटतंय गं," ती म्हणाली. "पण दोन तास? आज अगदी त्राण नाही बघ अंगात. उद्यापासून नक्की."

आणि तिने पट्टा कपाळावर ओढून घेतला.