खंडेनवमीची बंदूक

इरावती शितोळे स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट वाढत होती आणि मनातल्या मनात धुसफुसत होती. देशोदेशीच्या बंदुकांना जिनं कुलूप घातलं, तिलाच खंडेनवमीला बंदुकीच्या पूजेला बसायची बंदी! बायकांनी शस्त्राला हात लावायचा नसतो म्हणे. शितोळ्यांच्या घरात हे कायम असंच. बाहेर पुरुषांनी पूजा करायची, आत बायकांनी घाम गाळायचा आणि ताट घेऊन बाहेर यावं तर बंदूक झेंडूच्या फुलांखाली झाकून गेलेली. ती पूजा नेमकी कशी करतात, हे तिनं या वयापर्यंत कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेरच्या दुनळीला कुलूप मात्र तिचंच होतं. हातओळख कुलूप. दस्त्यात बसवलेली एक छोटी चकती धरणाऱ्याची नाडी आणि तळव्याची ठेवण ओळखायची. हात मालकाचा असेल तर हिरवा दिवा आणि चाप मोकळा. परका असेल तर लाल दिवा, मग कुणी कितीही जोर लावला तरी चाप हलायचा नाही.

हे कुलूप सगळ्या देशांच्या कायद्यांत बसवताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. जिनिव्हाच्या बैठकीत जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जाई. जपानच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे परीक्षा दिल्याशिवाय आणि पोलिसांनी चौकशी केल्याशिवाय बंदूक मिळत नाही. एक परवाना, एक हात. बस्स."

अमेरिकेचे गृहस्थ उसळले. "आमच्याकडे तो घटनेनं दिलेला हक्क आहे. बापानं पोराला शिकार शिकवायची तर तुमच्या कुलपाच्या पाया पडायचं काय?"

बाईंनी त्यांच्या शाळांमधल्या गोळीबारांचा विषय काढला, गृहस्थांनी टेबलावर फाईल आपटली, आणि चहासुद्धा कुणी एकत्र घेतला नाही. शेवटी तडजोड म्हणून इरावतीनंच एक सोय घातली. मालकानं दस्ता धरलेला आहे, त्याची नाडी शांत आहे आणि अशा वेळी दुसऱ्या कुणी त्याच दस्त्याला तळवा लावला, तर मालकाची संमती आहे असं समजून कुलपानं तो हातही ओळखीचा करून घ्यायचा. आपल्याकडे ज्याचा परवाना त्यानंच बंदूक धरायची, हे तिला ठाऊक होतं. पण इथे कोण कुणाला आपल्या बंदुकीला हात लावू देतंय, असं म्हणून तिनं ती सोय इथल्या कुलपांतही तशीच राहू दिली.

ताट घेऊन ती बाहेर आली तेव्हा पूजा संपत आली होती. थोरला भाऊ दौलत दस्ता मुठीत धरून शांतपणे उभा होता. घरातले पुरुष एकेक करून पुढे येत, दस्त्याला तळवा टेकवत आणि तो कपाळाला लावत. सगळ्यात शेवटी धाकटा संग्राम आला. दादाच्या तोंडाकडे न बघता त्यानं हात टेकवला. दादानं बंदूक पाटावर ठेवली, आणि इरावती ताट कुठे टेकवायचं ते बघू लागली.

"पूजा करून काय उपयोग?" संग्राम फणकारला. "माझं लायसन तर तूच घालवलंस."

"वरातीत बार काढून वाजंत्र्याचा खांदा फोडलास. तुझी आरती ओवाळायला हवी होती का? पोलिसांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं."

"सख्ख्या भावाविरुद्ध जबाब देतोस? थू तुझ्यावर! आत्याचा विनायक टेक्सासला दुकानात जाऊन बंदूक घेऊन आला. कुणाच्या बापाला विचारलं नाही त्यानं."

"मग जा की टेक्सासला! जपानला गेलास तर छऱ्याची बंदूकसुद्धा देणार नाहीत तुझ्यासारख्या माथेफिरूला."

संग्रामनं झडप घालून पाटावरची बंदूक उचलली आणि कमरेशी धरून नळी दादाच्या छातीवर रोखली. फुलं जमिनीवर सांडली. वहिनी किंचाळल्या. दादा मात्र चक्क हसला.

"ओरडू नका कुणी. भरलेली आहे, पण इराचं कुलूप आहे तिला. दाब रे! दाब की! बघू दे घरादाराला तुझी मर्दुमकी."

"दाबतोच!" संग्राम म्हणाला. काही होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. भावाचं तोंड एकदा पांढरंफटक पडलेलं बघायचं होतं, एवढंच.

इरावती संग्रामच्या डाव्या बाजूला उभी होती. दस्त्यावरचा दिवा तिथून तिला एकटीलाच दिसत होता. तो हिरवा होता.

मघाची पूजा तिच्या डोळ्यांसमोर आली. दादाची मूठ दस्त्यावर, नाडी शांत, आणि ह्यानं आत्ताच टेकवलेला तळवा! कुलपाला वाटलं, बाप लेकाला शिकवतोय. आणि त्यानं संग्रामला मालक करून टाकलं. आता गप्प बसावं तर चेष्टेत चाप ओढला जाणार. बोलावं तर रागानं पेटलेल्या माणसाला कळणार की आपल्या हातात खरीखुरी भरलेली बंदूक आहे. मग तो थांबेल? कुणाचं ऐकून संग्राम कधी थांबलेला तिला आठवेना.

"संग्राम, ते उघडलंय! तुझ्या हाताला उघडलंय! बार निघेल!"

दादाचं हसू तोंडावरच थिजलं. संग्रामनं मान वाकडी करून दिवा पाहिला. चापावरचं बोट निघालं नाही. त्यानं दादाकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात आता चेष्टा नव्हती.

"आता बोल," तो हळू आवाजात म्हणाला. "बोल ना मर्दुमकीचं."

दादा मागे सरकत भिंतीला टेकला. संग्रामनं नळी वर केली आणि छतात बार काढला. गिलावा खाली कोसळला, सगळ्यांच्या कानात दडे बसले. बंदूक कोपऱ्यात फेकून तो पायात चपलाही न घालता निघून गेला.

इरावतीनं फोन काढला. हजारो घरांत तिची कुलपं होती, आणि आज सगळीकडेच खंडेनवमी होती. कुणाकुणाला सांगायचं?

दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. केसांत चुना, कपाळावर कुंकू. संग्राम गेला त्या दाराकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो बहिणीकडे बघत होता.

"आबांच्या वेळेपासून ही बंदूक ह्या घरात आहे, इरा. काडतुसं कायम कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. उसात बिबट्या फिरतोय म्हणून, आणि तुझं कुलूप आहे म्हणून, मी ती भरून ठेवायला लागलो. आता मला खरं सांग. आज माझ्या छातीवर बंदूक कुणी रोखली होती? त्यानं, का तू?"